लॅरी होम्स : अली आणि लुई यांच्यानंतर तिसरा कोण, याचं माझं उत्तर

पंधरावी फेरी (धागाकर्ता)

टायसनच्या धाग्यावर कुणीतरी आतापर्यंतच्या दहा सर्वश्रेष्ठ हेवीवेट विजेत्यांची यादी दिली होती. लॅरी होम्स त्यात नववा, आणि नावापुढे एवढंच : 'म्हाताऱ्या अलीला हरवणारा'. ते वाचून मला फार वाईट वाटलं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. महंमद अली आणि जो लुई ही पहिली दोन नावं कोणत्याही क्रमाने घ्या, माझी तक्रार नाही. पण तिसरी जागा होम्सची आहे. ती त्याला मिळत नाही, कारण तो अलीच्या लगेच नंतर आला आणि टायसनच्या लगेच आधी गेला. या दोघांच्या मधली सात वर्षं लोकांच्या आठवणीतच नाहीत.

होम्सचा जन्म १९४९चा, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्टचा. वाढला पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन या गावात. सातवीत शाळा सुटली, बूटपॉलिश केलं, गाड्या धुतल्या. १९७२च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ड्युएन बॉबिकविरुद्ध सतत मिठी मारल्याबद्दल तो बाद ठरला आणि 'याच्यात जिगर नाही' हा शिक्का बसला. १९७३मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा त्याच्यावर पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे पोटासाठी सरावातला जोडीदार म्हणून ठोसे खायचे. अलीच्या डीअर लेकच्या छावणीत खाल्ले, जो फ्रेझरकडे खाल्ले. १९७५मध्ये मनिलात अली-फ्रेझरची तिसरी लढत झाली, त्याच दिवशी त्याच रिंगमध्ये होम्सही लढला आणि जिंकला. आज ते कुणाच्याही लक्षात नाही.

त्याची खरी ओळख झाली १९७८मध्ये. मार्चमध्ये त्याने अर्नी शेव्हर्सला बारा फेऱ्या नुसत्या जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशावर) नाचवलं. शेव्हर्सच्या उजव्या हाताइतका जड हात त्या काळात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मग ९ जूनला लास व्हेगासमध्ये डब्ल्यूबीसी या संघटनेचा तेव्हाचा विजेता केन नॉर्टन. लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटला होता. ज्याचं सगळं बॉक्सिंग डाव्या हातावर उभं, त्याचाच डावा दंड! तरी तो उतरला. पहिला अर्धा भाग होम्सचा, मग नॉर्टन आत घुसत गेला. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे गुण समसमान होते. पंधराव्या फेरीत दोघांनी बचाव जवळजवळ सोडूनच दिला. दोन पंचांनी ती फेरी होम्सला दिली, एकाने नॉर्टनला. १४३-१४२, १४३-१४२, १४२-१४३. हेवीवेटचा किताब एका फेरीवर, एका गुणावर ठरला. माझ्या मते त्या वजनगटातली ही सर्वांत चांगली पंधरावी फेरी आहे. (माझं इथलं नाव तिच्यावरूनच घेतलंय.)

तिथून सप्टेंबर १९८५पर्यंत, म्हणजे सव्वासात वर्षं, तो विजेता राहिला. किताब सलग २० वेळा राखला. त्याच्या वर एकटा जो लुई, २५ वेळा. किताबाचे पहिले आठ बचाव होम्सने सलग शेवटच्या घंटेआधी संपवले.

आता अलीच्या लढतीबद्दल. २ ऑक्टोबर १९८०. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर, थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेलं. दिसायला छान, आत काहीच उरलेलं नाही. होम्सला हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच कळलं असणार. त्याने जॅब मारले आणि थांबला, पुन्हा मारले आणि पंचाकडे पाहिलं. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने त्याला उठू दिलं नाही. संपूर्ण कारकिर्दीत अलीची लढत अशी मध्येच थांबवावी लागली ती एवढी एकदाच. होम्स नंतर रडला. या लढतीने होम्सला काय मिळालं? जिंकल्याचं श्रेय शून्य, कारण समोर अली उरलाच नव्हता. आणि अलीला मारल्याचा राग मात्र आयुष्यभर. मी त्याची बाजू मांडताना ही लढत मोजतच नाही. तिच्याशिवायही त्याची जागा पक्की आहे.

१९८२ची जेरी कूनी लढत मला जास्त महत्त्वाची वाटते. कूनी गोरा, २५ लढती अपराजित, डाव्या हुकने माणसं आडवी करणारा. अमेरिकेत त्या लढतीला काळे विरुद्ध गोरे असं उघड रूप दिलं गेलं. कूनीचं मानधन विजेत्याइतकंच. रिवाज असा की आव्हानवीराचं नाव आधी पुकारायचं आणि विजेत्याचं शेवटी; त्या रात्री विजेत्याला आधी पुकारलं. त्याने किताब किती वेळा राखला याच्याशी संबंध नाही, हे वागणं त्याच्या रंगाशी होतं. होम्स उतरला, दुसऱ्या फेरीत कूनीला खाली बसवलं, कमरेखालचे ठोसे सोसले आणि तेराव्या फेरीत लढत संपवली. पुढे हे दोघे चांगले मित्र झाले, यातही होम्सचा मोठेपणा आहे.

शेवट मात्र कडू झाला. २१ सप्टेंबर १९८५, होम्स ४८-०. रॉकी मार्सियानोच्या ४९-०ला गाठायला एक विजय हवा. मार्सियानो शेवटचा लढला तोही २१ सप्टेंबरलाच, बरोबर ३० वर्षांपूर्वी. समोर मायकेल स्पिंक्स, खालच्या वजनगटातून वर आलेला. पंधरा फेऱ्यांनंतर स्पिंक्स थोडक्या गुणांनी जिंकला. रागाच्या भरात होम्स मार्सियानोबद्दल जे बोलला ते बोलायला नको होतं. त्याने पुढे माफी मागितली, पण अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याला जे खाली टाकलं ते कायमचं. एप्रिल १९८६च्या दुसऱ्या लढतीत दोन पंच स्पिंक्सकडे, एक होम्सकडे. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि मला प्रत्येक वेळी होम्सच जिंकलेला दिसतो.

तर मंडळी, तुमच्या यादीत होम्स कितवा? आणि का? कारणासह लिहा.

---

आयर्न माइक

मुद्देसूद लेख. पण जानेवारी १९८८चं काय करणार? अटलांटिक सिटी, चौथी फेरी, तीनदा खाली. टायसनने त्याला जसं झोपवलं तसं दुसऱ्या कुणी झोपवलं नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाची अशी गत होते का?

---

पंधरावी फेरी

होम्स तेव्हा ३८चा होता आणि जवळपास पावणेदोन वर्षं लढला नव्हता. टायसन २१चा, ऐन भरात. मला विचाराल तर त्या लढतीतलं लक्षात ठेवण्यासारखं हे की ७५ लढतींत होम्स अशा प्रकारे फक्त त्या एकदाच हरला. ६९ विजय, ६ पराभव, बाकीचे पाचही गुणांवर. लुईलाही मार्सियानोने रिंगबाहेर फेकलं होतं. त्यावरून लुईची जागा कुणी ठरवत नाही.

---

तांबडी माती

बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही, मी कोल्हापूरच्या तालमीतला माणूस. पण अली-होम्सचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे उस्तादाची आणि पठ्ठ्याची जोड लावत नाहीत. कुणी लाख रुपये दिले तरी नाही. ज्याच्या हाताखाली तुम्ही अंगाला माती लावली, त्याला त्याच्या उतारवयात हजारो लोकांसमोर चीत करायचं, हे कुठल्या मनाने करायचं? आणि नाही केलं तर लोक म्हणणार, भ्याला. ती जोड ज्यांनी ठरवली त्यांना दोष द्या, पठ्ठ्याला कशाला?

---

पंधरावी फेरी

@तांबडी माती, अगदी मनातलं बोललात. अलीला किताब चौथ्यांदा हवा होता, प्रवर्तक डॉन किंगला तिकीटविक्री हवी होती, नेव्हाडाच्या क्रीडा आयोगाने वैद्यकीय तपासणी करून परवाना दिला. सगळ्यांनी आपापला हिशेब पाहिला. त्या संध्याकाळी अलीची काळजी घेणारा रिंगमधला एक माणूस म्हणजे त्याला मारणाराच.

आणि हा त्याचा स्वभावच होता. नोव्हेंबर १९८३मध्ये जो फ्रेझरचा मुलगा मार्व्हिस समोर होता. पहिल्याच फेरीत पोराचे पाय गेले, तो दोरांवर रेलला, तर होम्स एका हाताने ठोसे मारतोय आणि दुसऱ्या हाताने पंचाला खुणावतोय की थांबवा हे. चित्रफीत पाहा, स्पष्ट दिसतं.

---

ईस्टनकर

मी पेन्सिल्व्हेनियात राहते, ईस्टनजवळच. मुष्टियुद्ध पाहायला मला आवडत नाही, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. डेलावेअर नदीच्या काठाने गावात शिरणारा रस्ताच त्याच्या नावाचा आहे, 'लॅरी होम्स ड्राइव्ह'. २०१५ मध्ये नदीकाठी त्याचा पुतळा बसवला. पैसा हातात आल्यावर इतके विजेते लास व्हेगास, लॉस एंजेलिसला गेले. हा गावातच राहिला, गावातच इमारती उभारल्या, धंदे काढले. इथली जुनी माणसं त्याच्याबद्दल बोलताना 'लॅरी' म्हणतात, घरातल्यासारखं. क्रमांक तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगायचंय की तो कंगाल होऊन संपला नाही, आणि या खेळात ही साधी गोष्ट नाही.

---

डावा हात

मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो. त्याच्या जॅबबद्दल इथे अजून कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पुस्तकी जॅब हनुवटीजवळच्या मुठीतून सुटतो. होम्सचा डावा हात बहुतेक वेळा छातीच्या खाली, कधी कमरेशी. त्यामुळे ठोसा खालून वर येतो आणि समोरच्याला तो उशिरा दिसतो. दुसरं म्हणजे त्यात वजन होतं. पुष्कळ जणांचा जॅब नुसता अंतर मोजण्यापुरता असतो. होम्सचा पुढचा पाय आणि ठोसा एकाच क्षणी पडायचे, त्यामुळे चेहरे सुजायचे, डोळे मिटायचे. तिसरं, तो एकावर थांबायचा नाही. एक हलका, दुसरा जड, तिसरा पुन्हा हलका, आणि मग त्याच रेषेतून सरळ उजवा. समोरच्याला लय सापडतच नाही.

पण शिक्षक म्हणून त्यातला दोषही सांगायला हवा. हात परत आणताना तो खालीच ठेवायचा. वरून गोल येणाऱ्या उजव्या ठोशाला डावी बाजू उघडी. १९७९मध्ये शेव्हर्सने सातव्या फेरीत त्याला पाडलं ते उजव्यानेच. १९८१मध्ये रेनाल्डो स्नाइप्सने पाडलं तेही उजव्याने. १९८३मध्ये टिम विदरस्पूनने नवव्या-दहाव्या फेरीच्या सुमारास हलवलं, तेच. सात वर्षांत ही खोड गेली नाही.

मी मुलांना हे दोन्ही दाखवतो. आणि शेव्हर्सचा ठोसा खाऊन तो उठतो ते तर हमखास. शेव्हर्सने तसं मारल्यावर उठणं हीच मोठी गोष्ट, आणि हा उठून अकराव्या फेरीत लढत जिंकतो. १९७२मध्ये ज्याच्यात जिगर नाही म्हणाले होते तो हा माणूस.

---

पंधरावी फेरी

@डावा हात, फार सुंदर. यासाठीच धागा काढला होता. कमरेशी असलेला हात हे अलीच्या छावणीत शिकलेलं, असं मला नेहमी वाटतं. फरक एवढाच की अलीचे पाय त्याला वाचवायचे. होम्स त्याच्यापेक्षा सपाट पायांनी लढायचा, म्हणून त्याला ती किंमत द्यावी लागली.

---

चिकित्सक

लेखात भावना खरी आहे, पण तिसरा क्रमांक मला पटत नाही. माझे आक्षेप :

होम्सचा किताब डब्ल्यूबीसीचा. त्याच्या काळात डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा किताब वेगळा होता आणि तो टेट, वीव्हर, डोक्स, कोट्झी, पेज, टब्ज असा हातोहात फिरत होता. होम्सने त्यांच्यापैकी कुणाशीही दोन्ही किताब पणाला लावून लढत दिली नाही. ग्रेग पेज डब्ल्यूबीसीचा अधिकृत आव्हानवीर होता. त्याच्याशी लढण्याऐवजी होम्सने मार्व्हिस फ्रेझर निवडला आणि वर्षाच्या शेवटी किताब सोडून आयबीएफ या नव्या संघटनेकडे गेला. पिंकलॉन थॉमसशी तो कधीच लढला नाही. २० बचाव मोजताना त्यातले झानॉन, लुसियन रॉड्रिगेझ, स्कॉट फ्रँक यांनाही मोजावं लागतं. विदरस्पून आणि १९८५चा कार्ल विल्यम्स या लढती तो हरला असं मानणारे पुष्कळ आहेत.

आता लेनॉक्स लुईस पाहा. दोन पराभव, मॅकॉल आणि रहमान, दोघांनाही परत बोलावून हरवलं. होलीफिल्डला हरवून तिन्ही मोठे किताब एकत्र केले. त्याच्या काळातलं एकही मोठं नाव त्याच्या हातून निसटलं नाही असं जवळजवळ म्हणता येतं. तिसरा लुईस. होम्स पाचवा किंवा सहावा. आणि नुसती वर्षंच मोजायची तर व्लादिमिर क्लिच्कोने नऊ वर्षं राज्य केलं, मग तो का नको?

---

पंधरावी फेरी

@चिकित्सक, तुमचे आक्षेप वजनदार आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी पेज. त्या लढतीचं पैशांवरून फिसकटलं हे खरं. पण होम्सने सोडलेल्या किताबासाठी मार्च १९८४मध्ये पेज कुणाकडून हरला? टिम विदरस्पूनकडून. ज्याला होम्सने दहा महिन्यांपूर्वी हरवलं होतं. कोट्झीशी एकत्रित किताबाची लढत १९८४साठी ठरलीही होती, आयोजकांचे पैसे उभे राहिले नाहीत म्हणून मोडली. तिथे होम्स पळाला असं म्हणता येणार नाही. पिंकलॉन थॉमसची उणीव मात्र मान्य. तो जॅबविरुद्ध जॅब सामना व्हायला हवा होता.

प्रतिस्पर्धी कमकुवत होते, हा आरोप मला सगळ्यात जास्त टोचतो. वीव्हर होम्सकडून हरला, नंतर टेटला पंधराव्या फेरीत झोपवून विजेता झाला. विदरस्पून हरला, नंतर दोनदा विजेता झाला. बर्बिक हरला, १९८६मध्ये विजेता झाला. बोनक्रशर स्मिथ हरला, तोही १९८६मध्येच विजेता झाला. म्हणजे होम्सने हरवलेल्या चार जणांनी त्याच्याकडून हरल्यावर किताब घेतले. नॉर्टन, अली, लिऑन स्पिंक्स हे आधीचे विजेते वेगळेच. या लोकांना आपण 'कमकुवत' म्हणतो, कारण होम्सच्या सावलीत ते लहान दिसले. १९८६मध्ये बर्बिकला हरवूनच टायसन विजेता झाला, तेव्हा बर्बिक कुणाला कमकुवत वाटला नाही!

विल्यम्सची लढत मी निसटती मानतो. होम्स तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि उतरणीला लागला होता. विदरस्पूनच्या लढतीत मला होम्स एका फेरीने पुढे दिसतो.

क्लिच्को : नऊ वर्षं खरीच मोठी. पण भरात असताना सँडर्स आणि ब्रूस्टर यांनी त्याला मध्येच संपवलं होतं. होम्स तिथे वेगळा ठरतो. तो पडायचा आणि उठायचा.

लुईसबद्दल. त्याचा आदर करतो, माझ्या यादीत तो चौथा आहे. पण लुईस २९ वर्षांचा असताना सप्टेंबर १९९४मध्ये मॅकॉलच्या एका ठोशाने संपला. सात महिन्यांनी त्याच मॅकॉलसमोर ४५ वर्षांचा लॅरी होम्स उभा राहिला, पूर्ण बारा फेऱ्या लढला आणि अगदी थोडक्या गुणांनी हरला. ११५-११४, ११४-११३, ११५-११२. याच्या तीन वर्षं आधी, ४२ वर्षांचा असताना, त्याने ऑलिंपिक सुवर्णविजेत्या आणि तोवर अपराजित असलेल्या रे मर्सरला बॉक्सिंगचा पाठ दिला होता. कोपऱ्यात पाठ लावून उभा राहायचा, मर्सरला आत बोलवायचा, ठोसे खांद्यावर घ्यायचा आणि उजवा हात चालवायचा. मग जून १९९२मध्ये होलीफिल्डशी बारा फेऱ्या.

चाळिशीतल्या विजेत्यांत आपण नेहमी फोरमनचं कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण फोरमनकडे एका ठोशाची ताकद होती, ती म्हातारपणी शेवटी जाते. होम्सकडे फक्त कसब होतं. पाय गेले, वेग गेला, तरी ते टिकलं.

---

चिकित्सक

मॅकॉलचा मुद्दा मी असा कधी लावून पाहिला नव्हता, तो घेतला. बर्बिक-स्मिथ-वीव्हर-विदरस्पून हाही. तरीसुद्धा एकत्रित किताब नसणं मला मोठं वाटतं. सर्वश्रेष्ठ म्हणवायचं तर समोर दुसरा पट्टा लटकत असताना तो मिळवायलाच हवा, आयोजक बुडो नाहीतर काही होवो. माझा होम्स आता चौथा, लुईसच्या खाली. याच्या वर मी जाणार नाही.

---

आयर्न माइक

चौथ्यावर मीही राजी. टायसन आठवा धरतो, त्यावर वेगळा धागा काढू.

---

तांबडी माती

मला यातल्या लढती बघायच्या आहेत, सुरुवात कुठून करू ते सांगा. अलीची मात्र बघणार नाही.

---

पंधरावी फेरी

@तांबडी माती, आधी नॉर्टन, १९७८. पूर्ण पंधरा फेऱ्या पाहा, नुसती शेवटची नको. आठव्या-नवव्या फेरीपासून नॉर्टन कसा आत येतो ते पाहिलंत तरच शेवट कळेल. मग १९७९ची शेव्हर्स लढत, सातव्या फेरीवर लक्ष ठेवून. तिसरी मर्सर, १९९२. तालमीतल्या माणसाला ती सर्वांत जास्त आवडेल असं वाटतं, कारण तिच्यात ताकदीचं काम फार थोडं आहे. दुसरी स्पिंक्स लढत पाहिलीत तर फेरीनिहाय गुण स्वतः लिहून काढा आणि इथे टाका. @चिकित्सक, तुम्हीही. माझे गुण मी तुम्हा दोघांचे आल्यावर देईन.